जांभई

इंग्लंडात हेन्री राजाचा पोरगा गादीवर बसला आणि जपमाळा ओढणं, अंगावर क्रूस काढणं, सगळ्या जुन्या रीतींवर बंदी आली. अ‍ॅव्हिस म्हातारीने आपली माळ पावाच्या कणकेत दडवली, तोच चर्चचा कारभारी अँब्रोज झडतीला दारात उभा राहिला.

"मावशी, माळ असेल तर मुकाट्यानं दे."

"शोध की! बाप्तिस्म्याला तुला मीच हातात धरलं होतं. आता माझंच घर उचकट!"

त्याने पेटी उपसली, अंथरुणातला पेंढा विसकटला. अ‍ॅव्हिस कणीक तिंबत राहिली. बोटांना एकेक मणी लागत होता. पहाटेपासून राबलेली ती, तिला जांभई आली. जांभई आली की तोंडावर अंगठ्याने क्रूस काढायचा, ही जन्माची सवय. आता तेवढ्यावरूनही माणसं धरून नेत. तिने दात आवळून जांभई गिळली.

"ती कणकेची काथवट इकडे कर," अँब्रोज म्हणाला.

तिने काथवट सरकवली. सकाळपासून तीस घरं हिंडलेला अँब्रोज कणकेवर वाकला आणि त्यालाच भलीमोठी जांभई आली. अंगठा आपसूक ओठांवर गेला. उभा, मग आडवा.

दोघंही थिजली.

"उघड्या तोंडातून सैतान शिरतो," ती हळूच म्हणाली. "मीच शिकवलं होतं ना रे तुला?"

अँब्रोजने कणकेत बोटही न घालता काथवट परत ढकलली.

"उद्या मोठा अधिकारी येतोय, मावशी. त्याला तू शिकवलेलं नाहीस."