स्वतः सांगितले, बरोबर

औषधवाल्याच्या दुकानात गोळ्या घेऊन सरळ चालतं व्हायची सोय नव्हती. काउंटरला लागून एक स्टूल होतं. त्यावर बसायचं, औषध कधी, किती, कशासाठी ते ऐकायचं आणि मग तेच आपल्या तोंडाने परत सांगायचं. नीट सांगितलं की तो वहीत लिहायचा, 'स्वतः सांगितले, बरोबर.' मगच पिशवी हातात.

"दुकान आहे की शाळा रे तुझी?" बिलं करायला बसणारी थोरली बहीण म्हणायची. "छडी तेवढी आणायची राहिलीय."

तो कसनुसा हसायचा. आपल्या सांगण्यावर त्याचा स्वतःचाच भरवसा नव्हता, म्हणून तर ती वही.

गिऱ्हाईक नसलं की तो वाचत बसे. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी लिहिलेली आत्मचरित्रं, दुसरं काही नाही. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांच्या आरंभी कुणा प्रतिष्ठित गृहस्थाचा दाखला असे, की हे सारं खरं आहे, लिहिणाऱ्याने स्वतःच सांगितलं आहे. तो दाखला वाचताना त्याला दर वेळी राग यायचा. या गृहस्थाला कोण विचारतंय?

मावशी महिन्यातून एकदा यायची. समोरच्या इमारतीतल्या एका घरी ती नवव्या वर्षापासून कामाला होती. पगार असा नव्हताच. 'घरचीच आहे' म्हणत. डॉक्टरांनी तिला इन्सुलिन सुरू केलं, तेव्हा त्याने तिला अर्धा तास समजावलं होतं.

"आता तुम्ही सांगा."

"दुपारी सुई घ्यायची. अर्ध्या तासात जेवायचं. नाही जेवलं तर साखर उतरते, घाम फुटतो, माणूस पडतं."

एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"मावशी, पहिला नंबर!"

"शिक काहीतरी," बहीण त्याला म्हणाली. "आईने चार वस्तू सांगितल्या तर तू दोन आणायचास."

मावशी पदराआड हसली.

एकदा तिने पुस्तकाकडे बोट केलं. "काय असतं यात?"

कुणी आपणहून विचारलं म्हणून तो भरभरून बोलला. विकलेली लेकरं, फटके, सात वर्षं माळ्यावर लपून राहिलेली एक बाई. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"त्या लोकांना जेवायला कधी द्यायचे?"

"मालकांचं आटोपल्यावर. उरलं तर."

"हां," ती म्हणाली, "तसंच असतं." आणि पिशवी उचलून निघाली.

केवढी समज आहे बाईला, असं वाटून तो दिवसभर खुशीत होता.

आणि त्या मंगळवारी त्या घरची सून आली. हातात मावशीची पिशवी.

"काका, हे इन्सुलिन फोडलेलं नाहीये. कुणाला उपयोगी पडेल."

"मावशी?"

"गेल्या हो. रविवारी. पाहुण्यांना वाढता वाढता कोसळल्या." सुनेचे डोळे भरून आले. "तुमचं सगळं तंतोतंत पाळायच्या. दीडच्या ठोक्याला सुई. घड्याळ लावावं त्यांच्यावरून."

"आणि जेवायच्या कधी?"

"आमचं उरकलं की. तीन, साडेतीन. तोवर मूठभर साखर तोंडात टाकायच्या गुपचूप. आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो. रविवारी स्वयंपाकघरात सगळ्या पाहुण्या बायका. नसेल जमलं."

ती गेली. त्याने वही उघडली. अकरा महिने, अकरा ओळी. स्वतः सांगितले, बरोबर. त्याच्याच नीटस अक्षरात.

जन्मभर हुकूम झेलून जसाच्या तसा परत म्हणणाऱ्या बाईची त्याने पाठांतराची परीक्षा घेतली होती. पुस्तकांतली एकेक भूक त्याला पानासकट आठवत होती. मावशीने विचारलेला एकच प्रश्न मात्र वहीत कुठेच नव्हता.

एक आजोबा येऊन स्टुलावर बसले. त्यांनी न विचारताच सुरू केलं, "सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर..." म्हणून झालं तरी तो काही लिहीना.

"चुकलं का हो काही?" आजोबांनी घाबरून विचारलं.

बहिणीने पेन त्याच्या हाताशी सरकवलं. त्याने ते उचललं नाही.