भोंग्यावरची हाक

मुलुंडच्या डोंगराखालच्या तलावावर जीवरक्षक नेमायचे होते, त्याची परीक्षा होती. तलावात मधोमध तरंगणाऱ्या पिंपाला हात लावून परत काठावर यायचं. लाल टोप्या घातलेले सहाजण पाण्यात, त्यात आमचे हे. गिरणी बंद पडून तीन वर्षं झाली होती. ही नोकरी लागली नाही तर बिऱ्हाड गुंडाळून मालवणला परत जायचं, असं ठरलं होतं. पण हे समुद्रात वाढलेले, तलावाला ‘डबकं’ म्हणतच उतरले. बढाया मारण्यात यांचा हात कोण धरणार!

पिंपाला शिवून सगळे वळले आणि एक टोपी मागे पडली. माणूस उताणा झाला.

“आराम करतोय. झकास!” शेजारी उभं असलेलं कुणीतरी म्हणालं.

आराम कसला डोंबलाचा! पोटरीत गोळा आला की हे असे उताणे पडतात. खाऱ्या पाण्यात निभावून जातं, गोडं पाणी माणसाला तितकं उचलून धरत नाही. मी परीक्षा घेणाऱ्या साहेबांकडे धावले.

“साहेब, बोट पाठवा!”

“बोट गेली की तो बाद, बाई.” त्यांनी हातातला भोंगा माझ्याकडे दिला. “हाक मारा. हात वर केला तर ठीक, नाही केला तर पाठवतो.”

“अहो!” मी ओरडले.

तीन टोप्या वळल्या. एकाने हातही वर केला.

“केला की हात!”

“तो नव्हे हो, तो दुसराच!”

“मग नाव घेऊन बोलवा ना!”

नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे माझ्या आईने मनात पक्कं बसवलेलं. अकरा वर्षांत चुकूनही घेतलं नव्हतं. जीभ वळेना. तिकडे टोपी पाण्याखाली गेली, वर आली. आग लागो असल्या रीतीला!

“जयवंत! जयवंत, हात वर करा!”

हात वर आला नाही. टोपी पुन्हा खाली गेली. बोट सुटली.

काठावर पालथं घातल्यावर हे भडाभडा पाणी ओकले. साहेबांनी यादीतलं नाव खोडलं. मी रडत होते आणि भांडतही होते.

“हात का नाही वर केलात? ऐकू नाही आलं?”

“इला गो ऐकाक,” ते कसंबसं बोलले. “नावान फक्त आवस हाक मारी. ती जावन दोन वर्सां झाली. माका वाटला, न्हेवक इली. म्हणान हातपाय सोडलंय.”

म्हणजे सासूबाई न्यायला आल्या, असं वाटलं होतं यांना!

“अहो, ती मी होते,” मी म्हटलं.