पेट्रोकचा कप्तान

मी पेट्रोकचा कप्तान बोलतोय. कप्तान म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी माझी उंची. अंग शिशाचं, हातात तलवार, वर हिरवा कोट. जातीचा समुद्री चाचा.

पेट्रोक फॅल्मथ बंदराच्या गोदीत बोटी रंगवायचा आणि घरी आला की भिंग लावून मला रंगवायला बसायचा. माझ्या भुवया काढताना तो श्वास रोखून धरी. स्वतःच्या नावेचा उरलेला हिरवा रंग त्याने माझ्या कोटाला दिला, आणि त्याचं त्याला फार कौतुक होतं.

डेन्झिल आणि जोरी हे त्याचे दोन जिवलग. दर रविवारी दुपारी तीन वाजता डेन्झिलच्या माळ्यावर निळ्या कापडाच्या मेजावर लढाईच्या खेळासाठी आमची जहाजं लागत. फासे खुळखुळत, पेस्टीचा, म्हणजे त्यांच्याकडच्या खिम्याच्या करंजीचा, चुरा आमच्या डोक्यावर सांडे, आणि ही पन्नाशीतली माणसं लहान पोरांसारखी भांडत. नियम दोनच होते, दोन्ही पेट्रोकचे. पडलेला फासा पुन्हा टाकायचा नाही. आणि लढाईत मेला तो कायमचा मेला. त्याने बिस्किटांच्या डब्यात जायचं, पुन्हा मेजावर यायचं नाही.

पुढे जोरी कामासाठी दूर उत्तरेला अॅबर्डीनला गेला. पेट्रोकला दम्याने खुर्चीत बसवलं. तरी रविवार कधी चुकला नाही. डेन्झिलने मेजावर कॅमेरा टांगला. ते दोघं व्हिडिओ कॉलवरून चाल सांगत आणि डेन्झिल मापाची फीत लावून आम्हांला सरकवी. फासे मात्र ज्याने त्याने आपल्या घरी, आपल्या कॅमेऱ्यासमोर टाकायचे.

"डेन्झिल, चार इंच म्हणजे चार! तुझं बोट मध्ये घालू नकोस, भामट्या," पेट्रोक धापा टाकत ओरडायचा.

फेब्रुवारीत पेट्रोक गेला.

पुढच्या रविवारी डेन्झिलने सवयीने तिघांचा कॉल लावला. पेट्रोकच्या घरी तो त्याच्या मुलीने, लव्हडेने उचलला. तिनेही सवयीनेच टॅब नेहमीच्या जागी ठेवला आणि ती आत निघून गेली. पडद्यावर एका चौकटीत जोरी, दुसरीत रिकामी खुर्ची.

"पेट्रोक, तुझी चाल," डेन्झिल म्हणाला आणि थांबला. पेट्रोकला विचार करायला जेवढा वेळ लागायचा, अगदी तेवढाच. मग खुर्चीकडे बघून त्याने मान डोलावली आणि मला उचललं.

त्या दिवसापासून माझा फासा डेन्झिल टाकू लागला. कॅमेऱ्याबाहेर, मेजाच्या कडेला ठेवलेल्या बशीत. बशीत एक पडे, तो "पाच" म्हणे. दोन पडले की "सहा". जिथे मी मरायला हवं होतं तिथे जोरीचा खलाशी मरे. असे सात गेले.

खरं सांगतो, मला माझीच भीती वाटायला लागली. ज्याने रंगवलं तो गेला, चाल सांगणारा आवाज गेला, आणि मी आपला तलवार उगारून पुढे सरकतोय. भूत नक्की कोण, त्या खुर्चीत न दिसणारा की मेजावर दिसणारा मी? मला संपवा रे, असं ओरडावंसं वाटे. पण माझं तोंड म्हणजे रंगाची एक रेघ.

जुलैतल्या एका रविवारी जोरीच्या तिघांनी मला डोलकाठीशी गाठलं. वाचायला पाच किंवा सहा हवे होते. डेन्झिलने फासा टाकला. बशीत दोन.

"सहा!" तो म्हणाला.

"डेन्झिलकाका, फासा दाखवा ना."

रिकाम्या खुर्चीत लव्हडे येऊन बसली होती. डेन्झिल इतका दचकला की त्याच्या हाताने दोन जहाजं कलंडली.

"अगं, उचलला मी आत्ताच."

"बाबांनी चालवून घेतलं नसतं. थांबा, मी टाकते."

तिने पेट्रोकचा पिवळा पडलेला हाडाचा फासा कॅमेऱ्यासमोर टाकला. तो घरंगळत कडेपर्यंत गेला आणि थांबला. सहा.

"बघा! म्हातारा काही मरायचं नाव घेत नाही!" जोरी ओरडला. लव्हडेने दोन्ही हात तोंडावर धरले. डेन्झिल मात्र त्या सहाकडे बघतच राहिला. मग तो खुर्चीवर मागे टेकला.

"मला दोन पडले होते," तो म्हणाला. "आणि माझा फासा आधी पडला. पडलेला फासा पुन्हा टाकायचा नाही."

मग त्याने जोरीच्या चौकटीकडे पाहिलं.

"जोरी, तुझे ते आधीचे सात..."

"माहीत आहे रे. खोटं बोलताना तू नाक चोळतोस. पहिल्याच रविवारी कळलं मला."

"मग तोंड का नाही उघडलंस, गाढवा?"

"मलाही तो हवाच होता की."

लव्हडे रडत होती. "काका, दर रविवारी तुम्ही त्यांना हाक मारता, आणि मी आत बसून ते काय म्हणतात त्याची वाट बघते. आता पुरे. मी बंद करते हं." तिची चौकट पडद्यावरून गेली.

डेन्झिलने मला उचललं. माझ्या कोटावरून एकदा अंगठा फिरवला आणि डब्यात ठेवलं.

इथे ते सातही जण आहेत. खोट्या फाशाने मेलेले, आणि त्यांच्या मालकाने जाणूनबुजून मरू दिलेले. त्यांची तोंडं माझ्याकडेच आहेत. मी रोज मनातल्या मनात त्यांची माफी मागतो.

डेन्झिल, एवढंच ऐक. पेट्रोकची फार आठवण आली तर पोटभर रड, जोरीला फोन कर, वाटलं तर नवा कप्तान रंगव. पण झाकण उघडू नकोस. तू उचललंस की मी चालायला लागेन, कारण तुला नाही म्हणायला मला तोंड नाही.