चार अंश सेल्सिअस

क्वांटम संगणकात होणाऱ्या चुका कशा दुरुस्त कराव्यात, या प्रश्नावर मी अकरा वर्षे संशोधन केले आणि मग जुन्नर तालुक्यातील एका महाविद्यालयात तो विषय शिकवू लागलो. यंत्र नव्हते. फळा, खडू आणि बीजगणित यांवर तीन वर्षे काम उत्तम चालले.

चौथ्या वर्षी नियम आला: प्रयोगशाळेत यंत्रणा नसल्यास विषयाची मान्यता रद्द. माझी विद्यार्थिनी, पिंपरी पेंढारची प्रांजल, जिच्या घरी अजून मेंढरे आहेत, तिला बंगळुरूच्या एका संस्थेने संशोधनासाठी प्रवेश देऊ केला होता. अट एकच, गुणपत्रिकेवर हा विषय हवा.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष दादाभाऊ यांची दूध डेअरी आहे. त्यांनी मला बोलावून घेतले.

"सर, त्या कंप्युटरला लागतं काय काय?"

"मुख्यतः थंडी. अंतराळातही नसते इतकी थंडी."

"मग आधी बोलायचं न्हाई का राव."

अंतराळाचे ते वाक्य मी दरवर्षी वर्गात छाप पाडण्यासाठी वापरतो. त्याची शिक्षा सोमवारी टेंपोतून उतरली: दूध साठवण्याचा दोन हजार लिटरचा बल्क कूलर. भिंतीवर फलक लागला, 'क्वांटम संगणन केंद्र'. कूलरला हार घातला गेला.

"आमच्या गावच्या डेअरीत याच्यापेक्षा मोठा हाय, सर," प्रांजल म्हणाली.

मान्यतेसाठी यंत्रणेच्या प्रमाणपत्रावर माझी सही हवी होती. मी लिहिले: 'शीतकरण यंत्रणा बसवली आहे. तापमान चार अंश सेल्सिअस. चालू स्थितीत.' एकही शब्द खोटा नव्हता. अशी वाक्ये रचता यावीत म्हणून माणूस आयुष्यभर वाचतो.

तपासणीला तिघांची समिती आली. एका सदस्याने कूलरला तळहात लावला आणि समाधान नोंदवले. प्रमुखांनी प्रांजलला विचारले, "हे यंत्र नेमकं काय करतं?"

"सांग की, भिऊ नको," दादाभाऊ मागून म्हणाले.

"दूध गार ठेवतं, सर."

"आणि क्वांटम?"

"ते सर फळ्यावर शिकवतात. लई चांगलं शिकवतात."

समितीने चहा घेतला. आठ दिवसांत अहवाल आला: यंत्रणा नाही, अध्यापन फळ्यावर अवलंबून, मान्यता रद्द. "पोरगी खरं बोलली, पण टायमिंग चुकलं," असा दादाभाऊंचा निष्कर्ष. पुढच्या आठवड्यात बंगळुरूहून दिलगिरीचे पत्र आले. ते घेऊन प्रांजल माझ्या खोलीत उभी राहिली.

"मी खोटं बोलायला पायजे व्हतं का, सर?"

"गरज नव्हती. ते मी लेखी करून ठेवलं होतं."

तिने पत्राची घडी घातली. "उद्याचा तास हाय ना?"

"विषय बंद झालाय."

"ते वाचलं मी. किती वाजता?"

मी अकरा सांगितले. त्याआधी कूलर डेअरीच्या टेंपोत चढवून प्रयोगशाळा रिकामी करून द्यायची होती.