रिंग नसलेला बोका

मित्रांनो, शिवणयंत्राच्या शेजारी, चिंध्यांच्या पेटीला टेकून जो हिरवा, पोचे पडलेला पत्र्याचा गोळा दिसतो आहे, तो मी. मी जुन्या काळचा व्हॅक्यूम क्लीनर. गुरगुरतो, शेपटीसारखी वायर मागे ओढत घरभर हिंडतो आणि पोट भरले की कोपऱ्यात गप्प बसतो, म्हणून सगळे मला बोका म्हणतात. मांजर डोळे मिटून दूध पिते आणि कोणाला काही दिसत नाही असे तिला वाटते, हे तुम्ही ऐकले असेल. मीही कितीतरी वर्षे तसाच डोळे मिटून होतो. सांगायला मला लाज वाटते, तेव्हा मध्ये हसू नका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तेथे लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसत. एक मोटर बसवी, दुसरी वायर जोडी, तिसरी धुळीची पिशवी अडकवी. अगदी शेवटी बसलेली बाई झाकणाच्या खाचेत काळी रबरी रिंग घाली. कुकरच्या झाकणाला असते ना, तशीच. ती अंगठ्याने रिंग गोल दाबत जाई, मग झाकण ठेवून चार स्क्रू आवळी आणि थोपटून म्हणे, "जा बाबा, आता आतली मुंगीसुद्धा बाहेर यायची नाही." लेकीला सासरी पाठवताना आईने बजावावे, तसे ती आम्हा प्रत्येकाला बजावत असे.

ते झाकण ज्यांनी कागदावर काढले होते, ते इंजिनियर तेव्हा नुकतेच कामाला लागले होते. पहिल्या खेपेतला एक क्लीनर त्यांनी स्वतःसाठी घेतला आणि काखोटीला मारून घरी नेला. तो मीच. त्यांना मी साहेब म्हणतो. दारात त्यांची ताई उभी होती. आईवडील लवकर गेल्यामुळे तिनेच साहेबांना वाढवले होते, लोकांचे पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवून शिकवले होते. तिने माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"हा तू केलास?"

"सगळा नाही गं. फक्त झाकण."

"झाकणच तर महत्त्वाचं," ती म्हणाली, आणि भावाच्या पाठीत एक धपाटा घातला. तिचे कौतुक असेच असे.

पुढे साहेबांचे लग्न झाले, ताई दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या घरी राहू लागली आणि मी वहिनींच्या हाताखाली आलो. काय दिवस होते ते! गालिचा, पलंगाखालचा कोपरा, पंख्याची पाती, काही म्हणून सुटत नसे. एकदा वहिनींच्या हातून निसटून मी जिन्यावरून गडगडत खाली गेलो. फरशीचा टवका उडाला, मला नुसता पोचा आला. वायर झिजली तर नाक्यावरचा दुरुस्तीवाला नवी घाली, ब्रश झिजला तर ब्रश बदली. चार स्क्रू काढले की मी उघडा, चार आवळले की पुन्हा कामाला. पाहुणे आले की वहिनी मला मुद्दाम बाहेर काढून दाखवत. मी शेफारून गेलो होतो, मित्रांनो. माझ्या पत्र्याला गंज चढला नाही, पण गर्व चढला.

मग एके दिवशी कारखान्यात विक्रीचे मोठे साहेब चिडले. आमचे साहेब घरी येऊन वहिनींना सांगत होते, तेव्हा मी दाराआडच होतो.

"ते म्हणतात, तुमचं मशीन मरतच नाही. एकदा घेतलेलं गिऱ्हाईक पुन्हा तोंड दाखवत नाही. आम्ही विकायचं तरी काय?"

"मग? मरणारं करायचं?" वहिनींनी विचारले.

"तसं नाही म्हणत कोणी. हलकं करा म्हणतात, स्वस्त करा म्हणतात. जे नसलं तरी चालेल, ते काढून टाका म्हणतात."

नसले तरी काय चालेल, हे कळायचे कसे? साहेब मला उचलून कारखान्यात घेऊन गेले. मला टेबलावर ठेवले. समोर गालिच्याचा तुकडा पसरला, त्यावर बारीक माती शिंपडली. मग साहेब माझा एक-एक भाग काढत आणि मला सुरू करत. पत्र्याची आतली पट्टी काढली, मी माती ओढली. जाड पिशवी काढून पातळ लावली, तरीही ओढली. चारांऐवजी दोनच स्क्रू लावले, तरी माझे काही अडले नाही. दर वेळी समोर उभे असलेले सगळे म्हणत, "चालतंय की!" आणि मी आणखी जोरात घोंघावत असे. मला वाटे, ही माझी परीक्षा आहे आणि मी पहिला येतो आहे. एक-एक वस्तू माझ्या धाकट्या भावंडांच्या ताटातून उचलली जात होती, आणि उचलायला काही हरकत नाही अशी साक्ष मीच देत होतो. हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरले नाही.

शेवटी रिंग काढली. मी सुरू झालो. माती समोरून साफ गेली. "चालतंय की!" पण मला लगेच जाणवले, की काहीतरी झाले आहे. आतली अगदी पिठासारखी धूळ झाकणाच्या फटीतून माझ्या पाठीमागे बाहेर जात होती. माझ्या मागे उघडी खिडकी होती, तिथून ती उडून जात होती. सगळे समोर उभे होते. मागे कोणीच नव्हते. मला बोलता येत नाही हे खरे, पण मला खोकता येते. मोटर अडखळवून मी खर्रर्र केले असते, तर साहेबांनी वाकून पाहिले असते. मी तसे केले नाही. नापास व्हायचे नव्हते मला.

स्क्रू, पट्टी, जाड पिशवी साहेबांनी पुन्हा बसवली. रिंग मात्र त्यांच्या खणात पडून राहिली. चालत होते ना, मग आठवण कोण ठेवतो!

नवी भावंडे जन्मली. दिसायला देखणी. लाल, निळी, चकचकीत प्लास्टिकची, करंगळीने उचलावीत इतकी हलकी. आवाज माझ्या दुप्पट, कारण मोठा आवाज म्हणजे मोठी ताकद असे लोकांना वाटते. झाकणाला स्क्रूच नाहीत, नुसता एक प्लास्टिकचा खटका. तो तुटला की संपले. नाक्यावरचा दुरुस्तीवाला ती उलटीपालटी करून बघे आणि परत देई. "उघडायचं कुठून? तोंडच ठेवलं नाहीये याला." कचऱ्याच्या डब्यांशेजारी ती पडलेली दिसू लागली. काही तर इतकी नवी, की अंगावरचा रंगसुद्धा उडाला नव्हता. वहिनी मला खिडकीजवळ फिरवत तेव्हा मला ती दिसत. पूर्वी मला वाटे, नाजूक बिचारी, आमच्या वेळचा दम नाही. पुढे पुढे मी तिकडे बघणेच टाळू लागलो.

आमच्या घरात नवे मशीन कधी आलेच नाही. वहिनी त्यावरून साहेबांची फिरकी घेत. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! जगाला नवं विकता आणि घरी बोका पाळता." साहेब हसत, पण पुरते नाही.

ताईला दम्याचा त्रास सुरू झाला, तेव्हा मात्र साहेबांनी तिला नवे लाल मशीन नेऊन दिले. तिचे काम कापडाचे. शिवताना बारीक तंतू उडत, खोलीभर पसरत. डॉक्टरांनी बजावले होते, "धूळ सांभाळा, नाहीतर शिवण सोडावी लागेल." शिवण सोडायची म्हणजे ताईने ताईपणच सोडायचे. साहेब रोज फोन करून विचारत.

"मशीन चालतंय ना गं?"

"छान चालतंय रे. तू दिलेलं, न चालून सांगतंय कोणाला!" आणि मग ती खोकत असे. तो खोकला फोनमधून मलासुद्धा ऐकू येई.

एकदा ताईच्या घरी पाण्याचा पाइप बदलायला गवंड्याने भिंत फोडली. घरभर चुन्याची धूळ झाली. वहिनी म्हणाल्या, "अहो, बोक्यालाही घेऊन जा. दोन मशीनं असली की लवकर उरकेल." साहेबांनी मला उचलले.

"ताई, लाल मशीन कुठंय?" त्यांनी पोचताच विचारले.

"असू दे रे, हा आणलायस ना..." ताई गडबडली. साहेबांनी तोवर कपाट उघडले होते.

लाल मशीन तळाशी होते, जुन्या चादरीत गुंडाळलेले. त्याचा खटका तुटला होता. झाकण जागेवर राहावे म्हणून ताईने त्याला कापडाचा पट्टा शिवला होता. दुहेरी कापड, चारी कडांना बारीक टीप, काजे आणि बटणे. मुंजीतल्या मुलाला कोट शिवावा इतक्या मायेने शिवलेला. पण पट्ट्याने झाकण राहिले तरी धूळ थोडीच राहते! मशीन बंद करून, ताई ओल्या फडक्याने, गुडघ्यांवर बसून घर पुसत होती.

"कधीपासून?" साहेबांनी विचारले.

"झाले बरेच दिवस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? तू केलेलं मशीन मोडलं म्हणून? तुला वाईट वाटलं असतं रे."

साहेब त्या पट्ट्याचे एक बटण नुसते उघडत आणि लावत राहिले. मग म्हणाले, "तू इथे खुर्चीत बस. हा आपला बोका आहे, खरा. बघ कसा लख्ख करतो."

ताई बसली. नेमकी माझ्या मागे.

साहेबांनी मला सुरू केले. समोर चुना भराभर नाहीसा होऊ लागला. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली होती, आणि त्या तिरिपेत माझ्या पाठीतून निघणारी धूळ धुरासारखी दिसत होती. ताईने पदर नाकाला लावला. मग ती खोकू लागली. मग तिला श्वास पुरेना. इतकी वर्षे माझ्या मागे कोणी नव्हते आणि आज होती ती हीच! मी मोटर अडखळवली, खर्रर्र केले, जमेल तेवढे ओरडलो. जे त्या टेबलावर करायचे होते, ते आत्ता करत होतो. साहेबांनी वळून पाहिले आणि मला बंद केले.

ताईला गॅलरीत नेऊन बसवले, तिचा दम्याचा फवारा दिला. तिचा श्वास हळूहळू जागेवर आला. साहेब आत येऊन जमिनीवर बसले आणि ताईच्या कात्रीच्या टोकाने त्यांनी माझे चार स्क्रू काढले. झाकण उघडले. खाच रिकामी होती, कडेने पांढऱ्या धुळीचा थर बसला होता. त्यांनी त्या खाचेतून बोट फिरवले.

"काय रे, बिघडला?" ताईने बाहेरूनच विचारले.

"नाही ताई. हा नाही बिघडला. यातली रिंग मी काढली होती, आणि मग सगळ्यांतलीच काढली. चालत होतं म्हणून." ते तिथेच, चुन्यात बसून रडले. मी त्यांचे झाकण आणि त्यांनीच केलेली चूक, दोन्ही पोटाशी धरून शेजारी पडलो होतो. मला वाटत होते, साहेब, निम्मी माझी आहे. पण माझी निम्मी त्यांना कशी कळणार!

दुसऱ्या दिवशी त्यांनी खणातून रिंग आणून अंगठ्याने गोल दाबत माझ्यात बसवली. मग मला आणि ताईच्या पट्टा लावलेल्या लाल मशीनला घेऊन ते कारखान्यातल्या बैठकीला गेले. नव्या मशीनचे झाकण आता कायमचे चिकटवून टाकायचे ठरत होते, खटकाही नको. साहेबांनी भाषण केले नाही. त्यांनी लाल मशीन मधोमध ठेवले, सगळ्यांच्या खुर्च्या मागच्या बाजूला लावल्या, खिडक्या बंद केल्या आणि बटण दाबले.

थोड्याच वेळात विक्रीचे साहेब चष्मा पुसू लागले. "बंद करा हो ते!" शिंका आवरत ते म्हणाले.

"का? चालतंय की," आमचे साहेब म्हणाले.

नव्या मशीनला रिंग मिळाली, स्क्रू मिळाले. पत्रा मिळाला नाही, पिशवीही पातळच राहिली. सगळे एकदम कुठे मिळते? आणि जी विकली गेली आहेत, त्यांच्यात रिंग घालायचे म्हटले तर त्यांना खाचच नाही. ती अजून कोणाकोणाच्या घरी फिरत आहेत, आणि त्यांच्या मागे कोण बसलेले आहे कोणाला ठाऊक.

मी आता ताईकडे असतो. लाल मशीन साहेबांनी स्वतःच्या घरी नेले. त्याला पट्टा बांधून, खिडक्या सताड उघडून ते स्वतः सफाई करतात, आणि वहिनी आता ब्रह्मज्ञानाची म्हण काढत नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपा, पुसून ठेवा, मोडली तर दुरुस्त करा, हे तर मी सांगेनच. पण तुम्हीही उद्या काहीतरी कराल, खुर्ची कराल, पूल कराल, औषध कराल. तेव्हा समोर उभे राहून "चालतंय की" म्हणण्याआधी एकदा मागे जाऊन या. तिथे कोणीतरी बसलेले असते आणि ते बहुतेक वेळा बोलत नाही.

साहेब सुट्टीच्या दिवशी ताईकडे येतात. तंतू झाडायला मला बाहेर काढतात. ताई खुर्ची ओढू लागली की म्हणतात, "थांब गं जरा." मग मला सुरू करून ते आधी माझ्या मागे जाऊन बसतात, खोल श्वास घेतात, आणि मगच उठून तिला जागा देतात.