रविवारी अकराची हजेरी

रविवारचे अकरा वाजायला दहा मिनिटं होती आणि ऑपरेटरबाईंची लगबग चालली होती. टॅबलेट पुस्तकांच्या थप्पीला टेकवून झाला. खुर्ची खिडकीकडे जरा तिरकी केली, म्हणजे तोंडावर उजेड येतो. मागच्या भिंतीवर ओल आली होती, तिथे पडदा ओढला. ओल दिसली की थोरला मुलगा कॉलवर अर्धा तास प्लंबर लोकांच्या नावाने बोटं मोडत बसे आणि प्लंबर काही यायचा नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरी झालेली, म्हणून सगळी इमारत त्यांना ऑपरेटरबाई म्हणायची. तेव्हा म्हाताऱ्या बाईला यंत्र कळत नाही, असली गोष्ट ही नव्हे. तीन मुलांची तीन ॲपं त्या लीलया सांभाळत. थोरल्याचं ऑफिसातलं, त्याला दर वेळी पासवर्ड लागे. लेकीचं एकाच जातीच्या फोनवर चालणारं, त्यासाठी तिने आपला जुना फोन पाठवलेला. धाकट्याचं तिसरंच, त्यात बोलता बोलता डोक्यावर सशाचे कान उगवत. थोरला म्हणे, "त्याचं ते पोरकट ॲप मी ऑफिसच्या फोनवर घेणार नाही." लेक म्हणे, "दादाच्या ॲपमध्ये आपण मुलाखतीला बसल्यासारखे दिसतो." त्यामुळे एकत्र बोलायचं म्हटलं की आधी भांडण.

नवरा गेला तेव्हा तिघांनी मिळून ही पद्धत पाडली होती. रविवारी अकराला आई पडद्यावर दिसली पाहिजे. कॉल संपला की थोरला पडद्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकी. खाली लिही, "आई मजेत." लगेच पंधरा-वीस अंगठे. काका, मावश्या, चुलतभावंडं, सगळे निर्धास्त. काय गुणी मुलं, एक रविवार चुकवत नाहीत! शाळेतल्या पोराने 'हजर' म्हणावं तसं बाईंनी दर आठवड्याला दिसायचं आणि घरादाराने सुटकेचा श्वास सोडायचा. पूर्वी थोरला महिन्याकाठी यायचा, त्याचं गाव बसने दोन तासांवर. हजेरी सुरू झाल्यापासून तो चौदा महिन्यांत फिरकला नव्हता. लेकीचा प्रवास एका दिवसाचा, तिलाही तेवढेच महिने झाले. धाकटा परदेशी, त्याचं सोडा. पण दोन तासांच्या बसला कुठला समुद्र आडवा येतो, हे कुणी विचारत नव्हतं. विचारणार कोण? आई दिसत तर होती.

आईला मात्र मुलं दिसत नव्हती.

चार महिन्यांपूर्वी बाई सहज म्हणाल्या होत्या, "अरे, तुमचे चेहरे धुरकट येतात." झालं! थोरला म्हणाला, ॲप भिकार आहे. लेक म्हणाली, स्क्रीन लहान आहे. धाकट्याने नेटचा वेग तपासायला लावला. आठवड्याभरात मोठा टॅबलेट कुरियरने आला. चेहरे धुरकटच राहिले, तेव्हा ॲप बदललं. मग आणखी एकदा बदललं. प्रत्येक वेळी बाईंनी उत्साहाने नवीन चौकोन दाबले, कारण त्यांनाही वाटलं, असेल बाई ॲपचंच काहीतरी. शेवटी खालच्या मजल्यावरच्या टेलरवहिनींनी त्यांना कपाच्या बाहेर चहा ओतताना पाहिलं आणि हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजवा तर पुरता पिकलेला.

अकरा वाजले. पडद्यावर तीन करडे डाग उमटले. बाई आवाजावरून डाग ओळखत.

"आज एकदाचा निकाल लावू," थोरल्याचा डाग म्हणाला. "सगळ्यांनी एकच ॲप. आई, तुला कुठलं सोपं जातं?"

"मला सगळीच येतात रे. मला जरा एक सांगायचं—"

"बघ, तिला माझं येतं," लेक म्हणाली.

"सगळीच येतात म्हणाली ती," थोरला म्हणाला. "तू ना, आपल्याला हवं तेवढंच ऐकतेस."

"आणि तू कुणाचं ऐकतोस? बाबा गेल्यापासून हिटलर झालायस."

पस्तीस मिनिटं गेली. बाईंनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. शेवटी धाकटा चहा आणायला उठला, तेवढ्यात त्यांनी वाक्य दामटलं. "गुरुवारी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत कुणीतरी लागेल. नंतर आठ दिवस थेंब घालायला. कुणाला जमेल का यायला?"



"गुरुवारी?" थोरला म्हणाला. "आई, आधी सांगायचं ना. गुरुवारी माझी मीटिंग आहे."

"मागच्या दोन रविवारी सांगत होते. तुमचं ॲपचं चाललं होतं."

"हल्ली हे ऑपरेशन म्हणजे काहीच नसतं गं," लेक म्हणाली. "आणि आपण रोज भेटू ना! टॅबलेट पलंगापाशी उभा कर, कॉल चालूच ठेव. थेंबांची वेळ झाली की मी इथून आवाज देईन. म्हणजे मी शेजारी बसल्यासारखंच."

"शेजारी बसलीस तर बाटली धरशील," बाई म्हणाल्या. "माझा हात हलतो."

"अगं, कुणीतरी येईल ना खालून. त्या टेलरबाई आहेत की."

आपण रडलो तर फोटो बिघडेल, असा वेडा विचार बाईंच्या मनात आला, आणि त्या विचाराचीच त्यांना लाज वाटली. "बरं," त्या म्हणाल्या. दहा मिनिटांत ग्रुपवर पडलं, "आई मजेत. गुरुवारी छोटंसं ऑपरेशन. आम्ही सगळे सोबत आहोत." त्या दिवशी तीस अंगठे आले.

गुरुवारी टेलरवहिनी दुकानाला कुलूप लावून आल्या. दवाखान्यातली नर्स फॉर्म भरत होती.

"सोबत कोण? नातं?"

"शेजारीण," वहिनी म्हणाल्या.

"मुलंबाळं नाहीत का आजींना?"

"आहेत," बाई घाईने म्हणाल्या. "तीन आहेत. चांगली आहेत हो, दर रविवारी बोलतात."

नर्सने मान हलवली आणि पुढचा रकाना भरला. असं तिने त्या दिवशी आणखी कितीजणांकडून ऐकलं असेल, देव जाणे. हिरवा झगा घालून बाकावर बसलेल्या बाईंनी वहिनींचा हात पकडला. सुईने खरखरीत झालेला, जिवंत, गरम हात. इतक्या महिन्यांत कुणी आपला हात धरला नव्हता हे त्यांना तेव्हा कळलं, आणि मग तो त्यांनी आत बोलावीपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. थेंब वहिनी घालत होत्या, दुकानातून दिवसातून चारदा जिने चढून. टॅबलेट पलंगापाशी उभा होता, पण पहिल्याच दुपारी लेकीचा आवाज "आई, वेळ झाली गं" म्हणाला तो शेवटचा. पुढे तिला कामं निघाली.

मग रविवार आला. अकरा वाजले आणि पडदा उजळला.

चेहरे आले, लख्ख, रेषान्‌रेष दिसणारे. थोरल्याचे कल्ले पांढरे झाले होते. लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. धाकटा बापासारखा दिसायला लागला होता. माझी लेकरं! त्यांना भरून आलं. दोन मिनिटं त्या नुसत्या बघत राहिल्या.

मग त्यांना बाकीचंही दिसलं. थोरल्याचे डोळे डावीकडून उजवीकडे धावत होते. तो काहीतरी वाचत होता आणि मधूनमधून "हं, हं" म्हणत होता. लेक खाली मान घालून भाजी चिरत होती. धाकट्याच्या चष्म्यात रंगीत चित्रं पळत होती, अंगठे कुठल्यातरी खेळावर नाचत होते. ऑपरेशन कसं झालं, हे तिघांनीही विचारलं. एकानेही वर पाहिलं नाही. डाग होते तोवर बाई समजत होत्या की मुलं आपल्याकडे बघतायत. त्या समजुतीवर त्यांनी चार महिने काढले होते.

"मग ठरलं ना?" थोरला खालीच बघत म्हणाला. "पुढच्या रविवारपासून माझंच ॲप."

"पुढच्या रविवारी मी नसेन," बाई म्हणाल्या.

"का? कुठे जाणार आहेस?"

"कुठेही नाही. इथेच असेन. पण पडद्यावर बसणार नाही. कुठल्याच ॲपवर नाही. मला बघायचं तर दाराची बेल चालू आहे."

"आई, असा काय हट्ट?" लेकीची सुरी थांबली नव्हती. "आम्हाला तुझी काळजी वाटते म्हणूनच ना हे सगळं? तू दिसली नाहीस, तर तू बरी आहेस की नाही हे आम्हाला कळणार कसं?"

"नाही कळणार," बाई म्हणाल्या.

आवाज चढला नव्हता, कापलाही नव्हता. सुरी थांबली. धाकट्याचे अंगठे थांबले. थोरल्याने मान वर केली. तिघंही एकदमच आईकडे बघायला लागली.

आईने तिघांनाही एकेक करून नीट पाहून घेतलं आणि कॉल बंद केला.