खत आणि खरेदीखत

नदीला अजीर्ण झालं होतं. घरोघरच्या सांडपाण्यातून आणि काठच्या गोठ्यांच्या शेणामुतातून तिला इतकं खत मिळालं की शेवाळ माजलं आणि मासे गुदमरले. अति तिथे माती, हे सरकारला जरा उशिरा कळलं. मग नव्या घरांना मनाई झाली, आणि ती उठवायला सरकारनेच निधी दिला. काठचे गोठे बंद करायचे, मालकाला मोबदला देऊन जागा विकत घ्यायची, तिथे पाणी गाळणारं लव्हाळं लावायचं. जेवढं खत नदीत जायचं थांबेल, तेवढ्या घरांना परवानगी.

निधीचं काम ज्या अभियंता बाईंकडे आलं, त्यांच्या थोरल्या भावाचाच गोठा सगळ्यात आधी निवडला गेला. त्यात मनाईमुळे अडलेल्या एका इमारतीत बाईंच्या लेकीने घर घेतलेलं. तोवर लेक, जावई आणि रडकं बाळ बाईंच्याच दोन खोल्यांत. बाईंनी हे सगळं साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, घरचंच माणूस आहे, मग समजवायला तुम्हीच बऱ्या.

दादा धार काढत होता. बाईंनी योजना सांगितली, तरी त्याने मान वर केली नाही.

"म्हणजे माझं खत नको, खरेदीखत हवं," तो म्हणाला.

बाईंना हसू आलं नाही. तो भांडेल, नाही म्हणेल, आणि सगळा दोष त्याच्या माथी मारून आपण मोकळ्या होऊ, अशी त्यांना मनातून आशा होती. दादाने बादली बाजूला ठेवली आणि गाईच्या पाठीवर थाप मारली.

"भाचीने किती दिवस अडचणीत काढायचे? सही कुठे करू, ते सांग."

तो इतक्या सहज हो म्हणाला, याचंच बाईंना वाईट वाटलं.

गाई एकेक करून गेल्या. गोठ्याच्या जागी लव्हाळं वाढलं, बगळे आले, पाणी निवळलं. इमारत उभी राहिली. भाचीने मामाला हौसेने बोलावलं आणि बाल्कनीतून सगळं दाखवलं. छान झालंय, मामा म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

मग तिने चहाचं आधण ठेवलं आणि फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली.

"मला कोराच दे गं," मामा म्हणाला.

दादाने जन्मात कधी कोरा चहा घेतला नव्हता. बाईंनी लेकीच्या हातातली पिशवी घेतली आणि परत फ्रिजमध्ये ठेवली. मलाही कोराच कर, असं त्या म्हणाल्या.